कड आली की सोडायचं

आमच्या वरच्या खोलीत अजून एक गादी उभी आहे. उभी म्हणजे खरोखरच उभी. जुना नाडा आवळून तिला कंबर केलेली आहे, अंगात निळा टी-शर्ट आहे आणि पायजम्याच्या पायांत चिंध्या भरून दोन हात शिवलेले आहेत. खोली बघायला भाडेकरू येतात, दार उघडतात आणि दचकून मागे सरतात. "ये क्या है, मॅडम?" मी सांगते, ही आमच्या पहलवानची जोडीदार. मग ते जिना उतरताना एकमेकांकडे बघतात आणि पुन्हा येत नाहीत. न येवोत. मला तरी कुठे घाई आहे.

पहलवान म्हणजे बाई होती, हे आधीच सांगून टाकते. काशीतल्या बालाजी घाटाच्या मागच्या आमच्या गल्लीत तिला खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. पोरंटोरं पहलवान दीदी म्हणायची, दूधवाला पहलवानजी म्हणायचा आणि माझी आई म्हणायची पोरी. मी नुसतं पहलवान म्हणत असे. ती मला बाई म्हणायची, कारण मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते, आणि शिकवणाऱ्या माणसाला दुसरं काही म्हणायचं असतं हे तिच्या डोक्यातच नव्हतं.

होती आमच्यातलीच. वडील भिक्षुक. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं-पक्षं घाटावर करायचे. ते गेले, भावानं राहतं घर विकलं आणि तो पुण्याला गेला. ही देशाच्या नावाचा पोशाख घालून परदेशात कुस्त्या खेळून आलेली बाई, रेल्वेत खेळाडूंच्या कोट्यातून लागलेली, बुकिंगच्या खिडकीमागे बसून लोकांना मुगलसरायची तिकिटं फाडून द्यायची. आता त्या स्टेशनाचं नाव बदललंय, पण आमच्या तोंडात तेच बसलंय. ती खोली विचारायला आली तेव्हा आई म्हणाली, "आपलीच आहे ती. दे तिला वरची."

दारात उभी राहून तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "बासष्ट असाल."

मी म्हटलं, "काय बासष्ट?"

"किलो."

मी चिडले. मी चिडकी आहेच, शाळेत मुली पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. मी तिला सांगितलं की बायकांचं वजन असं उंबऱ्यावर उभं राहून सांगायचं नसतं. ती खरंच गोंधळली. म्हणाली, "मग ओळख कशी होणार, बाई? आमच्यात आधी वजनच विचारतात." पुढे कळलं की तिला माणसांची नावं लक्षात राहत नसत, वजनं राहत. कोपऱ्यावरचा पानवाला म्हणजे सत्तर. आमच्या शाळेच्या मोठ्या बाई म्हणजे चौऱ्याऐंशी, 'पण सगळं वरच्या अंगात, पट काढला की गेल्या'. पट काढणं म्हणजे वाकून समोरच्याचा पाय उचलणं. तेव्हापासून मोठ्या बाई समोर आल्या की माझं लक्ष त्यांच्या पायांकडे जातं. नोकरीत याचा त्रास होतो.

पाणी ती कुणासमोर प्यायची नाही. पेला भरून समोर ठेवायची, बघत बसायची, एक घोट घेऊन चूळ भरायची आणि मोरीत टाकायची. वजन उतरवायच्या दिवसांतली ती सवय. स्पर्धेआधी घशाखाली पाणी जाऊ द्यायचं नाही, नुसतं तोंड ओलं करायचं. स्पर्धा संपून वर्षं झाली तरी तिचा घसा कुणाची तरी परवानगी मागत असायचा. आई ओरडायची, "गिळ गं ते, कुणी बघत नाही." त्यावर ती म्हणायची, "तेच तर." याचा अर्थ आईलाही कळला नाही आणि मलाही.

उजवा कान मोडलेला होता. पहलवानांचे कान मोडतात, आत रक्त साकळून घट्ट होतं, आणि मग ती पाळी कांद्याच्या भजीसारखी दिसते. दुसरी एखादी केस पुढे ओढून झाकून घेती. ही केस मुद्दाम मागे बांधायची. लग्नाकार्यात बायका त्या कानाकडे बघायच्या, मग तिच्या मोकळ्या गळ्याकडे बघायच्या आणि मग माझ्या आईला विचारायच्या, "हिचं काही...?" आई म्हणायची, "हिचं सगळं झालंय, तुमचं सांगा."

आणि ती गादी. रोज पहाटे छतावर धपाधप आवाज यायचा. आम्ही काशीतले मराठी गच्चीला छतच म्हणतो. गादीला मिठी मारायची, उचलायची, आपटायची, पुन्हा उभी करायची. आपटल्यावर तिच्या खांद्याला हात लावून हळूच म्हणायची, "लागलं का?" एकदा मी जिन्यात उभी राहून हे पाहिलं. चहा देताना मी म्हटलं, "गादीला काय लागतंय?" ती म्हणाली, "कुस्तीला दोघं लागतात, बाई. दौड एकट्यानं होते, जोर-बैठका एकट्यानं होतात. कुस्ती एकट्यानं होत नाही." मग माझ्याकडे बघून, "तुम्ही उभ्या राहता का? नुसतं धरायचं. पाडणार नाही." मी म्हटलं, मला बी.पी. आहे. ती हसली आणि पुन्हा कधी तिनं विचारलं नाही.

तिची एक खोड मला फार छळायची. भांडण जिंकत आली की ती सोडून द्यायची. शेजारच्यांनी कूलरचं पाणी आमच्या जिन्यावर सोडलं होतं. मी महिनाभर बोलत होते, उपयोग शून्य. शेवटी पहलवान गेली. शांतपणे उभी राहिली आणि एकेक मुद्दा असा मांडला की तो गृहस्थ तोतरा झाला. आता तो नळी काढणार, इतक्यात ही म्हणाली, "अच्छा भैया, छोड़िए," आणि वळून चालू लागली. पाणी तसंच. मी कपाळाला हात लावला. "अगं, जिंकली होतीस."

"हो, पण कड आली होती."

"कसली कड?"

"कड आली की सोडायचं, बाई. मधे यायचं."

या कडेचा उलगडा एका थंडीत झाला. आईची बाज आम्ही उन्हाला छतावर नेली होती. नेली म्हणजे पहलवाननं आईला दोन हातांवर उचलून वर नेलं होतं. आईचं कमरेखालचं गेलं होतं आणि मी उचलायला लागले की ती घाबरून माझ्या वेणीला धरायची. पहलवाननं उचललं की मात्र डोळे मिटून घ्यायची. म्हणायची, "ही धरते तेव्हा पडायची भीती वाटत नाही." तर आई उन्हात पडलेली, आम्ही दोघी मटार सोलत बसलेलो. खाली घाटाजवळच्या आखाड्यातून मांड्यांवर थाप मारल्याचे आवाज येत होते.

"तिथे होते मी," ती म्हणाली. "दहा वर्षांची होईपर्यंत."

उस्ताद तिच्या वडिलांचे मित्र. लहान पोरगी आहे, खेळेल मातीत, म्हणून येऊ द्यायचे. सरसोंचं तेल, हळद, ताक आणि कडुनिंबाचा पाला घालून मळलेली ती माती. हिला तिचा वास घरातल्या देवघरापेक्षा जास्त ओळखीचा. त्या आखाड्याची कड दगडी आहे, घडीव चुनारी दगडाची. कुस्ती खेळता खेळता दोघं कडेला गेले की उस्तादांची काठी त्या दगडावर वाजायची. "चलो, बीच में." त्यांचा दंडक होता की काठीचीही वाट बघायची नाही. पायाला दगड लागला की आपणच पकड सोडायची, समोरच्याला हात देऊन उठवायचं आणि मधे यायचं. नाहीतर कुणाचं तरी डोकं फुटायचं. ही गोष्ट त्यांनी तिला पहिल्या दिवशी शिकवली. डाव सगळे नंतर.

दहावं सरलं तेव्हा आखाड्यातल्या मोठ्या लोकांनी सांगितलं की हनुमानाची जागा आहे, आता बस. उस्तादांनी ऐकून घेतलं. हिनं त्या दिवसापासून मातीत पाय ठेवला नाही. बाहेरच्या कठड्यावर बसून बघायची. पुढे लखनऊचं वसतिगृह, रबराची मॅट, शिट्टी, गुण. तिथे ती वाढली. देशात जिंकली आणि परदेशात गेली.

"आणि मग मंगोलीण," ती म्हणाली.

तिसऱ्या नंबरची कुस्ती होती. जिंकली की पदक. समोर मंगोलियाची मुलगी. ही पुढे होती, थोडाच वेळ उरला होता. मंगोलीण खाली, ही वर, आणि दोघी सरकत सरकत मॅटच्या लाल पट्ट्यावर आल्या. त्या पट्ट्यावर कुस्ती चालूच असते, शिट्टी वाजेपर्यंत. हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण पायाखाली रंग बदलला, कड आली, आणि हिच्या हातांनी पकड सोडली. एवढंच नाही, ती उठून उभी राहिली आणि समोरचीला उठवायला हात पुढे केला. मंगोलिणीनं तो हात धरला नाही. पाय धरला. पुढच्या क्षणी हिचे दोन्ही खांदे मॅटवर होते, चीत.

माझ्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. मी म्हटलं, "बेइमानी झाली ही."

"नाही हो. शिट्टी कुठे वाजली होती? तिचं बरोबर होतं." तिनं एक दाणा तोंडात टाकला. "खूप ताकद होती तिच्यात. अठ्ठावन्न किलो, पण हात असे की... तुम्हाला खरं सांगू बाई, इतकं घट्ट मला कुणीच धरलेलं नाही. आधीही नाही आणि नंतरही नाही."

ती हे भाजीचा भाव सांगावा तशी बोलली. आई बाजेवर डोळे मिटून पडली होती, पण झोपली नव्हती. तिनं हात लांब करून पहलवानच्या पायावर ठेवला आणि ऊन उतरेपर्यंत काढला नाही.

परत आल्यावर ती पहिली उस्तादांकडे गेली होती. आखाड्याच्या दाराबाहेर उभी राहिली, कारण आत जायचं नव्हतं. त्यांनी रेडिओवर ऐकलं होतं की कुणाच्या घरी टीव्हीवर पाहिलं होतं, कोण जाणे, पण त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "छोड़ा काहे?"

ही म्हणाली, "आपही ने सिखाया था."

उस्ताद तिथल्या तिथे पायरीवर बसले. म्हणाले, "ऊ तो पत्थर के लिए था, बिटिया. वहाँ पत्थर कहाँ था?"

मला वाटतं, त्या एका प्रश्नाचं उत्तर ती जन्मभर शोधत राहिली. पत्थर कुठे आहे आणि कुठे नाही, हे तिला ओळखता येईना, म्हणून ती सगळीकडेच सोडायची. ऑफिसात एक जण होता. भला माणूस, विधुर, अडुसष्ट किलो. दोन वर्षं रोज डबा वाटून खायचे. एक दिवस लग्नाचं निघालं आणि तो म्हणाला, घरी जरा विचार करतो. ही म्हणाली, करा, आणि दुसऱ्या दिवसापासून डबा घरीच खाऊन जायला लागली. त्यानं विचार करून हो म्हणायचं ठरवलं होतं की नाही, हे तिनं कधी विचारलंच नाही. मी संतापले. आईसुद्धा संतापली. पहलवान म्हणाली, "त्याला कशाला कोंडीत पकडू?"

पुढच्या थंडीत आई गेली, छतावर उन्हातच. पहलवाननंच तिला खाली आणलं, जशी रोज आणायची तशी, जिन्यात वळताना डोक्याला हात लावून, भिंत लागू नये म्हणून. तेरावं झालं, नातेवाईक गेले आणि घर इतकं मोठं झालं की मला माझ्याच पावलांचा कंटाळा यायला लागला. चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला पहलवान खाली आली. आईच्या खोलीत जाऊन रिकाम्या बाजेपाशी उभी राहिली, दोन्ही हात थोडे पुढे केलेले. मग माझ्याकडे बघून ओशाळली. "वेळ झाली होती ना." ती काही दिवस रोज यायची. मी तिला चहा द्यायचे. दोन एकट्या बायका एका घरात राहिल्या म्हणून एकटेपण अर्धं होत नाही, हे मला तेव्हा समजलं.

यंदा तिची बदली झाली. लखनऊलाच, मुलींना शिकवायला बोलावलं तिला. तिला हवं होतं तेच झालं, त्यामुळे मी रडले नाही. गादी न्यायला टेम्पोवाला तयार होता, पण ती म्हणाली, "तिथे मुली आहेत, बाई. हिला तुमच्याकडे राहू द्या." मी दर रविवारी वर जाते आणि टी-शर्टवरची धूळ झटकते. झटकताना गादी पडू नये म्हणून तिचा हात धरावा लागतो.

पण त्याआधीची नागपंचमी सांगायची राहिली.

उस्ताद आता फार थकलेत, डोळ्यांनी नीट दिसत नाही. आखाडा त्यांचा मुलगा बघतो. त्यानं ठरवलं की यापुढे मुलींनाही माती खुली. गल्लीत बरीच कुजबुज झाली, पण जमाना बदललाय आणि पोरगा खमक्या आहे. नागपंचमीला आखाड्याची पूजा असते, माती नव्यानं खणतात, फुलं वाहतात, कुस्त्या लावतात. त्या दिवशी पहलवानला पाहुणी म्हणून बोलावलं. आदल्या दिवशी ती तीनदा खाली येऊन गेली. "बाई, मातीत उतरू देतील ना?" मी म्हटलं, मुलींसाठीच तर उघडलंय. ती म्हणाली, "एक कुस्ती. बस. गुडघे जायच्या आत एक, त्या मातीत."

मी बरोबर गेले. उस्तादांची बाज आखाड्याच्या कडेलाच टाकली होती. तिला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, गळ्यात झेंडूचा हार घातला, हातात नारळ दिला. लहान मुलींच्या कुस्त्या झाल्या. पोरी चिखलात लोळल्या, आया दुपट्ट्यानं तोंड झाकून हसल्या. फोटो झाले. मग पहलवाननं हार काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि चपला काढल्या.

ती मातीत उतरली. वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली, मधोमध जाऊन उभी राहिली आणि उजवा हात पुढे केला.

आखाड्यात असा हात पुढे करणं म्हणजे कुस्ती मागणं. कुणीतरी येऊन तो हात धरायचा असतो. कोण धरणार? पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. बाईशी कशी लढायची, हरलो तर तोंड कुठे दाखवायचं, जिंकलो तरी कुठे दाखवायचं. उस्तादांच्या मुलानं मोठ्या मुलींना खुणावलं. त्यातली एक उतरली, चांगली दणकट होती. पहलवानचा चेहरा उजळला. ती मुलगी जवळ आली आणि वाकून तिच्या पाया पडली. "दीदी से कैसे लड़ें?" म्हणाली आणि लाजून परत फिरली. मग दुसरी आली, तीही पाया पडली. मग रांगच लागली. छोट्या मुली, त्यांच्या आया, दोन-तीन तरणे पहलवानसुद्धा. सगळे पाया पडत होते, आणि तिचा हात तसाच पुढे होता.

मी त्या हाताकडे बघत होते. तो थोडा खाली आला. मला ठाऊक होतं आता काय होणार. ती म्हणणार, अच्छा, छोड़िए, आणि हसून खुर्चीवर जाऊन बसणार, आणि आयुष्यभर कुणालाही दोष देणार नाही.

माझं डोकंच फिरलं. मी चपला काढल्या, पदर खोचला. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे मास्टरनीजी, आप कहाँ?" सकाळी बी.पी.ची गोळी घेतली होती की नाही तेही आठवेना. माती मऊ आणि गार होती, घोट्यापर्यंत पाय रुतत होता. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि तो हात धरला.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही?"

"बासष्ट," मी म्हटलं. "आता पासष्ट असेन. पाडू नकोस म्हणजे झालं."

लोक हसले. ती हसली नाही. तिनं एक हात माझ्या मानेवर ठेवला, दुसऱ्यानं दंड धरला आणि कपाळ माझ्या खांद्याला टेकवलं. "पाय मागे घ्या. हं. आता ढकला." मी ढकललं. भिंतीला ढकलल्यासारखं वाटलं. ती एका बोटानं मला लोळवू शकली असती, पण तिनं मला हळूहळू, पावलापावलानं मागे नेलं, शिकवत शिकवत. "कोपर आत. श्वास सोडा." हळदीचा आणि कडुनिंबाचा वास नाकात भरला होता. मला कुणी असं घट्ट धरल्याला किती काळ लोटला, हे माझ्या मनात आलं आणि माझे डोळे भरून आले.

माझ्या टाचेला दगड लागला.

"पहलवान," मी म्हटलं, "पत्थर."

तिचा मानेवरचा हात सरकून माझ्या डोक्यामागे गेला, डोकं आणि दगड यांच्या मधे. तेवढ्यात काठी वाजली. बाजेवर बसलेल्या उस्तादांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून की पायांच्या आवाजावरून, माहीत नाही, पण काठी दगडावर आपटली होती. "चलो, बीच में."

ती हलली नाही. तिचा मोडका कान माझ्या गालाला लागला होता, चांगलाच तापलेला. काठी पुन्हा वाजली.

"ऐकू येतंय ना गं?" मी विचारलं.

"येतंय," ती म्हणाली, आणि तिनं सोडलं नाही.